पुतळ्यात न दिसणारा टेलर
ब्रायन क्लफ १९७५ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचे व्यवस्थापक झाले, तेव्हा हा फुटबॉल संघ इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत रेंगाळत होता. १९७८ मध्ये तो लीगविजेता ठरला. १९७९ आणि १९८० मध्ये त्याने युरोपियन कपही जिंकला. चाहत्यांनी क्लफ यांना दैवत मानले, ते स्वाभाविकच. परंतु खरा उत्कर्ष सुरू झाला तो १९७६ मध्ये पीटर टेलर साहाय्यक म्हणून आल्यानंतर. खेळाडू हेरण्याची नजर टेलर यांची होती. नॉटिंगहॅमच्या पुतळ्यात मात्र क्लफ एकटेच आहेत. याच जोडीने १९७२ मध्ये डर्बी काउंटीला लीगविजेते केले होते. डर्बीच्या शिल्पात दोघे शेजारी उभे आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाने डर्बीचे शिल्प अधिक प्रामाणिक मानावे.