हाताची घडी, तोंडावर बोट

‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा ज्याने प्रथम काढली, त्याला पोरे गप्प करावयाची होती. त्याबद्दल माझे भांडण नाही. भांडण आहे ते गप्प बसणे आणि लक्ष देणे ही एकच गोष्ट मानणाऱ्यांशी. लक्ष म्हणजे निवाऱ्यातील दिव्याची ज्योत. हलली की विद्या गेली! गीतेने सहाव्या अध्यायात ही उपमा दिली ती चित्त आवरलेल्या योग्याला. चौथीतल्या पोराला ती कोणी लावली?

जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर या डॉक्टराने १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विजेच्या लाटा प्रथम टिपल्या आणि १९२९ साली प्रसिद्ध केल्या. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला सुमारे दहा लाटा उठतात; डोळे उघडून तो पाहू लागला की त्या ओसरतात. म्हणजे वरून निश्चल दिसणाऱ्या पोराच्या आत काय चालले आहे, हे घडी घातलेल्या हातांवरून कोणी सांगावे? पुढे २००९ साली तर असे दिसून आले की, प्रकाशाचा अगदी मंद ठिपका क्षणभर दाखवला, तर तो दिसणे न दिसणे काही अंशी लाटेच्या चढउतारावर अवलंबून असते. डोळा तोच, ठिपका तोच! (सगळ्याच प्रयोगांत हा परिणाम सारखा आढळलेला नाही, हेही सांगितले पाहिजे.) आणि त्याआधी, २००८ सालच्या प्रयोगात, माकडांपुढे आवाज व प्रकाश ठेक्यात आळीपाळीने आणले, तेव्हा ज्याकडे लक्ष द्यायला शिकवले होते त्याच्याच ठेक्याशी मेंदूच्या लाटा जुळल्या. लक्षालाही ताल आहे, तो असा.

आमच्या जिल्ह्यात तुळजापूर आहे. गोंधळी रात्रभर आख्यान लावतो, पण कोणाला हाताची घडी घाला म्हणत नाही. श्रोता पेंगू लागला की संबळ चढतो, तुणतुणे झणझणते, साथीदार मध्येच एखादा खोडसाळ प्रश्न टाकतो, हशा पिकतो. आणि कान उभे राहिले की कथा पुढे सरकते. संबळाने मेंदूच्या लाटा जुळतात असे मी म्हणत नाही. माकडावरून गोंधळापर्यंत एवढी उडी मारता येत नाही. पण लक्ष ढळते व पुन्हा बोलवावे लागते, एवढे तो जाणतो. अशाच घरचे पोर नवरात्रात बापाच्या जोडीला रात्रभर न चुकता ठेका धरते आणि शाळेत बाक वाजवले म्हणून त्याच्या प्रगतिपुस्तकावर शेरा येतो, ‘लक्ष नाही’. बाप तो शेरा खरा मानतो. दोन वर्षांत पोर शाळेतून जाते.

दुसरीकडे मेंदूच्या लाटांचे दुकान मांडलेले आहेच. कानात संगीत सोडून एकाग्रता वाढवून देतो म्हणतात, फी आगाऊ घेतात. आणि हे सारे आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते, असे सांगणारे तर फुकट भेटतात. दोघांनाही दुरून नमस्कार.

राहिली पावकी-निमकी. ती घोकंपट्टी म्हणून हाकलली. अर्थ न सांगता पाठ करून घेणे वाईटच. पण त्या रागात ठेकाही बाहेर काढला. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी एकदा डोळे मिटून चाळीस पोरांचा साताचा पाढा ऐकावा. बेचाळीसच्या पुढे आवाज विरळ होतो. खिडकीकडचे एक पोर अर्धा ठेका मागे पडते, दुसरे नुसतेच ओठ हलवते. मास्तरला दोघेही कळतात, आणि पाढा तिथेच थांबवून सात सातांचे दाणे मांडता येतात. बोट तोंडावर असलेल्या वर्गात यातले काय ऐकू येणार आहे?