दंड घ्या, तमाशा नको

विनातिकीट प्रवास चूकच, त्यात दुमत नाही. पण आपला कायदा या बाबतीत वाटतो त्यापेक्षा बराच समजूतदार आहे. 1989 च्या रेल्वे कायद्यात मुद्दाम फसवणाऱ्यासाठी कलम 137 आहे, त्यात तुरुंगवाससुद्धा आहे. नुसतं तिकीट नसेल तर कलम 138: भाडं आणि वर किमान 250 रुपये. आणि कलम 139 म्हणतं, एकट्या बाईला किंवा मुलाला वाटेल त्या स्टेशनवर उतरवायचं नाही. जंक्शन, शेवटचं स्टेशन अशा ठरावीक ठिकाणीच, तेही दिवसाउजेडी!

परवा लोकलच्या पुलावर एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा सापडला. पास आदल्याच दिवशी संपलेला, खिशात पैसे नाहीत. टीसी शांतपणे घरचा नंबर विचारत होता. चेव चढला होता तो गळ्यात आयकार्ड अडकवलेल्या आपल्यासारख्यांना. दोघं तर चक्क मोबाईलवर शूटिंग करत होते.

दंड जरूर घ्या. घरी फोन गेला, वडिलांनी पैसे भरले, ओरडा बसला की पोरगं पुढच्या वेळी पासची तारीख बघेल. पण तोच व्हिडिओ कॉलेजच्या ग्रुपवर फिरला, तर त्याची पावती कोण फाडणार? पंधराव्या वर्षी ही शिक्षा 250 रुपयांपेक्षा फार महाग पडते राव.