शिंगाडा : पीक की तण?

आश्विन महिना सुरू झाला की आपल्या माळव्यात व ग्वाल्हेरकडील भागात बाजाराच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर हिरव्या-तांबूस शिंगाड्यांचे ढीग दिसू लागतात. कार्तिकात तेच शिंगाडे उकडून, काळेभोर होऊन, हातगाडीवर येतात आणि पुढे वाळून, दळून, पिठाच्या रूपाने एकादशीला व महाशिवरात्रीला आपल्या स्वयंपाकघरात शिरतात. शिंगाड्याची लापशी किंवा शिरा ज्या घरात कधी झाला नाही असे मराठी घर विरळाच. परंतु ज्या पाण्यात हे फळ वाढले त्या पाण्याची चौकशी आपणांपैकी किती जण करतात? वर्षानुवर्षे जो पदार्थ आपण पवित्र म्हणून खातो, त्याच्या जन्मस्थानाविषयी आपण इतके उदासीन असावे, ही गोष्ट आम्हांस शोभादायक वाटत नाही. त्याविषयीच दोन शब्द लिहावयाचे योजिले आहे.

प्रथम या वनस्पतीची ओळख करून घेऊ. शिंगाडा ही संथ, गोड्या पाण्यात वाढणारी एकवर्षायू वेल होय. तिचे खोड पाण्याखाली लांबत जाते व टोकाशी, पाण्याच्या पृष्ठभागावर, पानांचे एक सुबक चक्र पसरते. प्रत्येक पान साधारण चौकटच्या आकाराचे व कडेला दातेरी असते. पानाचा देठ मध्येच फुगलेला असून त्याच्या आतील भाग स्पंजासारखा व हवेने भरलेला असतो. या हवेच्या पिशव्यांमुळे सारे चक्र पाण्यावर तरंगते. खोडाला पाण्याखाली पिसांसारखी बारीक, हिरवी मुळे फुटतात. ती हिरवी असल्यामुळे सूर्यप्रकाशात अन्न तयार करण्याच्या कामी पानांना साह्य करतात. मुळांनी पानांचे काम करावे, हे आश्चर्य पाहण्यासाठी दूरदेशी जावयास नको; गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत गेले तरी पुरे.

फूल पांढरे व लहान असते. त्याला चार निदले, चार पाकळ्या आणि चार पुंकेसर असतात. फूल पाण्याच्या वर उमलते. पण पुढे त्याचा देठ खाली वळतो आणि फळ पाण्यात बुडून वाढते. आपल्याकडील जातीत चारांपैकी दोन निदले टणक होऊन फळाला शिंगांसारखे काटे येतात. संस्कृतातील ‘शृंगाटक’ हे नाव या शिंगांवरूनच आले व त्याचाच पुढे शिंगाडा झाला. आपण जो पांढरा गर खातो तो वस्तुतः बीजाचे एक दल होय. शिंगाड्याच्या बीजात दोन दले असतात खरी, परंतु त्यांपैकी एक पिठूळ सत्त्वाने भरून मोठे होते व दुसरे खवल्याएवढे लहानच राहते. मेंदी आणि डाळिंब ही शिंगाड्याची कुलबंधू आहेत, असे आजचे वनस्पतिशास्त्र सांगते. एक तळ्यात, एक कुंपणावर आणि एक बागेत; पण कूळ एकच!

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. इंग्रजीत शिंगाड्याला ‘वॉटर चेस्टनट’ म्हणतात आणि चिनी जेवणातील एका कुरकुरीत गोल कंदासही तेच नाव आहे. हा दुसरा पदार्थ लव्हाळ्याच्या कुळातील एका वनस्पतीचा कंद असून त्याचा शिंगाड्याशी काहीही संबंध नाही.

आता शीर्षकातील प्रश्नाकडे वळू. शिंगाडा हे पीक आहे की तण? आपल्याकडे हा प्रश्न कोणी विचारणार नाही. काश्मिरातील वुलर सरोवराच्या काठच्या लोकांनी पिढ्यानुपिढ्या या फळावर पोट भरले आहे. मध्य प्रदेशातील तळ्यांत आणि विदर्भात भंडारा-गोंदियाकडील मालगुजारी तलावांत त्याची लागवड होते. परंतु अमेरिकेत जाऊन विचारा! तेथे न्यूयॉर्क राज्यातील स्कोशिया गावाजवळच्या एका तळ्यात १८८४ च्या सुमारास याच्याच चार शिंगांच्या भावंडाचा शिरकाव झाला. तेथून ते मोहॉक व हडसन या नद्यांत आणि पुढे शँप्लेन सरोवरात पसरले. पाण्यावर पानांचा गालिचा पसरला की खाली प्रकाश पोहोचत नाही. वेली कुजू लागल्या की पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो व मासे गुदमरतात. आज तेथे ही वनस्पती उपटून काढण्यासाठी सरकार पैसा खर्च करते आणि स्वयंसेवक होड्या घेऊन राबतात.

वनस्पतीचा स्वभाव दोन्हीकडे सारखाच; मग हा भेद कशाने झाला? आमच्या मते तो माणसाच्या हाताने झाला. आपल्याकडे फळ तोडणारा हात आहे, म्हणून ते पीक. तेथे तो नाही, म्हणून ते तण. हा हात कोणाचा, हेही विसरता कामा नये. ढीमर, कहार, केवट, भोई इत्यादी समाजांतील स्त्री-पुरुष पावसाच्या आरंभी कमरेएवढ्या पाण्यात उतरून पायाच्या अंगठ्याने चिखलात वेल रोवतात. पुढे थंडीच्या दिवसांत, पहाटेच्या गार पाण्यात, लहानशा होडीवर किंवा फुगवलेल्या ट्यूबवर बसून काट्यांतून एकेक फळ तोडतात. पानांवर पडणाऱ्या भुंगेऱ्याशी झगडतात. पुढील वर्षाचे बियाणे पाण्यातच जपून ठेवतात, कारण शिंगाड्याचे बी एकदा वाळले की रुजत नाही. तळे बुजले तर त्यांची शेतीच नव्हे, तर बियाणेही बुडाले!

आणि तळी बुजत आहेत. जी बुजली नाहीत त्यांत वस्तीचे सांडपाणी सोडले जात आहे. तळ्याची सुधारणा म्हणजे काठाला सिमेंट, मध्ये कारंजे आणि रात्री रंगीत दिवे, अशी समजूत सध्या बळावली आहे. वेली दिसल्या की त्या ‘घाण’ म्हणून काढाव्यात, असेही कित्येक सुचवितात. त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे आहे असे नाही. सारे तळे पानांनी झाकले गेले तर अमेरिकेत झाले तेच येथेही होईल. भुंगेऱ्यावर मारलेले औषध सरळ पाण्यात उतरते, हेही खरे. पण यावर उपाय शेती बंद करणे हा नव्हे, तर ती नियमाने करणे हा आहे. तळ्याचा काही भाग मोकळा ठेवावा, फळ निघाल्यावर वेली काठावर काढून त्यांचे खत करावे आणि औषधाचा वापर आवरावा. या अटी घालूनच तळे पट्ट्याने द्यावे. ज्याचे पोट तळ्यावर आहे तो त्यात घाण पडू लागताच ओरड करील. कारंज्यावर कोणाचेच पोट नसते, म्हणून तेथे ओरडावयास कोणी नसतो.

सांडपाण्याचा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. पाणवनस्पती गढूळ पाण्यातील शिशासारखे विषारी धातू शोषून घेतात. शिवाय मैल्याने दूषित झालेल्या पाण्यात आतड्यातील एका चपट्या कृमीची बाल्यावस्था गोगलगाईंतून बाहेर पडून अशा वनस्पतींवर व त्यांच्या फळांवर चिकटते. उत्तर प्रदेश व बिहारमध्ये या कृमीचे रुग्ण आढळले आहेत. कच्चा शिंगाडा दातांनी सोलून खाणे ही आपल्या मुलांची आवडती सवय, ती सोडावी. फळ स्वच्छ धुऊन, उकडून खावे म्हणजे कृमीचे भय राहत नाही. धातूंचे विष मात्र उकडल्याने जात नाही. त्याला तळे स्वच्छ ठेवणे हाच एक उपाय.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ साली इराणमधील रामसर येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या यादीत वुलर सरोवराचा समावेश १९९० साली व इंदूरच्या सिरपूर तलावाचा २०२२ साली झाला. २०२५ साली इंदूर व उदयपूर या दोन नगरांना भारतातील पहिली मान्यताप्राप्त ‘पाणथळ शहरे’ होण्याचा बहुमान मिळाला. आपल्या देशाच्या २०१७ च्या नियमांनुसार संरक्षित पाणथळीत कचरा टाकण्यास व प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडण्यास मनाई आहे. मान व नियम दोन्ही आहेत. आता लहानसहान, यादीबाहेरच्या तळ्यांकडे नागरिकांचे लक्ष तेवढे हवे.

विद्यार्थिमित्रहो, यात तुमचाही वाटा आहे. शाळेच्या आवारात एका हौदात तळाशी चिखल घालून शिंगाड्याची एक वेल लावा; तरंगता देठ कापून त्यातील हवेच्या पोकळ्या पाहा; फूल वर उमलून फळ खाली कसे जाते याची नोंद ठेवा. गावातील तळी किती, त्यांपैकी किती उरली, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा. शिंगाडे विकणाऱ्या मावशींना भाव विचारतो तसे एकदा तळ्याचे नावही विचारा. या वर्षीच्या एकादशीला घरात शिंगाड्याचे पीठ येईल तेव्हा आईजवळ बसून एवढेच म्हणा, ‘हे कोणत्या तळ्याचे?’ उत्तर कदाचित मिळणार नाही. पण हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला, तर दुकानदार तो व्यापाऱ्याला विचारील व व्यापारी तळ्याच्या काठी जाऊन विचारील. उपवासाची शुचिता पानात वाढण्यापूर्वी पाण्यात राखावी लागते, इतके आपण ओळखले तरी पुष्कळ झाले.