लहान घराच्या छताला नियम नाही

चेन्नईत ४ मेच्या आसपास जे दिवस सुरू होतात त्यांना तमिळ पंचांगात ‘अग्निनक्षत्र’ म्हणतात. लोकांच्या तोंडी ते ‘कत्तिरी’. पुढचे सुमारे पंचवीस दिवस शहरात दुसरा विषय नसतो. २००३च्या मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांवर गेला होता, त्याची आठवण दर वर्षी निघते आणि तिच्या पाठोपाठ, पूर्वीची घरे किती गार असत, हा सुस्काराही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्या सुस्काऱ्याविषयी आदर आहे. ‘मद्रास टेरेस’ या नावाने ओळखले जाणारे छत खरोखर विचारपूर्वक बांधलेले असे. सागवानी तुळयांवर विटा कडेवर उभ्या करून चुन्यात बसवायच्या, त्यावर विटांच्या खडीचा आणि चुन्याचा थर ठोकून घट्ट करायचा आणि वर सपाट फरशा लावायच्या. भिंतींना शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा, तोही संगमरवराची आठवण व्हावी इतका घोटलेला. पुढे ‘तिण्णै’, म्हणजे मराठी घरातली ओटी. आत ‘मुट्रम’, म्हणजे वाड्यातला चौक.

पण या घरांच्या गारव्याचे श्रेय आपण सरसकट जाड भिंतींना देतो, ते चेन्नईपुरते अर्धेच खरे आहे. नागपूरकडे उन्हाळ्याची हवा कोरडी असते, म्हणून वाळ्याचा पडदा आणि कूलर कामाला येतात. येथे हवा आधीच ओलसर. तिच्यात आणखी पाणी मिसळून फारसे काही साधत नाही. रात्रही पुरेशी थंड होत नाही, त्यामुळे दिवसभर तापलेली जाड भिंत रात्री तीच ऊब झोपणाऱ्यांच्या अंगावर सोडते. जुन्या घरातली माणसे गच्चीवर किंवा तिण्णैवर झोपत, ती उगीच नव्हे. या किनाऱ्यावर खरा आधार दोनच गोष्टींचा : सावली, आणि दुपारी समुद्रावरून येणारा वारा. पश्चिमेच्या कोरड्या वाऱ्याने तो अडवून धरला की शहर होरपळते.

ज्यांना परवडे त्यांनी तेव्हाही बाहेरून गारवा आणलाच. मरीनासमोरचे ‘आइस हाउस’ १८४२ साली उभे राहिले, ते अमेरिकेहून जहाजाने येणारा बर्फ साठवण्यासाठी. आज त्याच वर्गाच्या खोलीखोलीत एअर कंडिशनर आहे आणि त्याची गरम हवा गल्लीत, शेजाऱ्याच्या खिडकीसमोर सोडलेली आहे.

शेजाऱ्याजवळ उरते ते त्याचे छत. चेन्नई १३ अक्षांशावर आहे. एप्रिलच्या अखेरीस आणि पुन्हा ऑगस्टच्या उत्तरार्धात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर असतो आणि मधल्या महिन्यांतही फारसा ढळत नाही. भरदुपारी भिंतींवर ऊन तिरपे पडते. छत मात्र सगळे अंगावर घेते. म्हणून एक-दोन मजली घरात किंवा इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा उन्हाळा हा मुख्यतः छताचा प्रश्न असतो.

हे सरकारला ठाऊक नाही असे नाही. २०१८च्या ‘इको निवास संहिते’त छतासाठी स्पष्ट मर्यादा आहे : आत-बाहेरच्या तापमानातील दर अंश फरकामागे चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा अधिक उष्णता आत येऊ नये. पंधरा सेंटिमीटरच्या उघड्या काँक्रीट स्लॅबमधून याच्या तिपटीच्या आसपास येते. मर्यादा रास्त आहे. पण ती लागू कोणाला? पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी प्रकल्पांना. चेन्नईत जमीन ‘ग्राउंड’मध्ये मोजतात; एक ग्राउंड म्हणजे २४०० चौरस फूट, जेमतेम २२३ चौरस मीटर. आयुष्यभराची पुंजी लावून एका ग्राउंडवर किंवा त्याच्या निम्म्यावर घर बांधणारा माणूस संहितेच्या बाहेरच राहतो. २०२२च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्याने घरांचा समावेश केला खरा. तोही शंभर किलोवॅटच्या वीजभारापासून पुढे. ज्याच्या घरी दोन पंखे आणि एक फ्रिज आहे, त्याच्याशी या कायद्याचा काय संबंध?

सेवेत असताना घरबांधणीच्या कितीतरी फायली माझ्या टेबलावरून गेल्या. प्रति चौरस फूट खर्चाचा रकाना प्रत्येकीत होता. मे महिन्यात छताखाली किती अंश असतील, याचा रकाना मी कुठे पाहिला नाही. तमिळनाडूने २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेला राज्य आपत्तीचा दर्जा दिला आणि मृतांच्या कुटुंबाला चार लाख रुपयांची मदत ठरवली. ते योग्यच झाले. पण ज्या राज्याला मृत्यूनंतरचे चार लाख मान्य आहेत, त्याने स्वतः बांधलेल्या वसाहतींची छते पांढरी करण्याच्या खर्चावर घासाघीस करू नये. पेरुंबाक्कमसारख्या पुनर्वसन वसाहतीत मालक आणि बांधकाम करणारा एकच, शासन. तेथे कुणाचे मन वळवण्याचा प्रश्नच नाही.

काय करायचे, यात गूढ काही नाही. स्लॅबवर विटांच्या खडीचा आणि चुन्याचा थर येथील गवंड्यांना आजही येतो. त्यावर पांढऱ्या फरशा किंवा निदान चुन्याचा हात. खिडक्यांवर खोल छज्जे. वारा एका बाजूने आत येऊन दुसरीकडून बाहेर पडेल अशा समोरासमोर खिडक्या. घरकुलाच्या अनुदानाचा शेवटचा हप्ता यातल्या पहिल्या अटीशी जोडावा आणि संहितेची मर्यादा, निदान छतापुरती, एका ग्राउंडच्या भूखंडापर्यंत खाली आणावी. अर्ध्या ग्राउंडवाल्याला सक्तीऐवजी नकाशा मंजुरीच्या शुल्कात सूट द्यावी. त्याच्या मागे आणखी एक तपासनीस लावण्याची माझी इच्छा नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे. ईशान्य मोसमी पावसात पांढऱ्या छतावर शेवाळ चढते, धूळ बसते आणि दोन-तीन वर्षांत छत करडे होते. रहिवासी म्हणतात, गच्ची सर्वांची. वरच्या मजल्यावाल्यांसाठी वर्गणी आम्ही का द्यावी? सरकारी वसाहतींत तरी हे काम रहिवाशांच्या सौजन्यावर सोडू नये. नळ आणि जिन्यांच्या दुरुस्तीसारखे वार्षिक देखभालीच्या यादीत घालावे. पाऊस डिसेंबरात आटोपतो. निविदा तेव्हाच निघाली तर फेब्रुवारीअखेर हात फिरलेला असेल, कत्तिरीला दोन महिने बाकी असताना.