‘अजून शिकतोयस?’

पदवीनंतरही शिकत राहिलेल्या आपल्यातल्या प्रत्येकाला हा प्रश्न ईदच्या दिवशी तीन-चारदा तरी ऐकावा लागतो. विचारणारे खालू किंवा फुफू वाईट नसतात. त्यांच्या हिशोबात इंजिनिअरिंग किंवा बी.एस्सी. झालं की शिक्षण संपलं, आता घरात पगार यायला हवा. वर्षानुवर्षं ज्या घरांनी काटकसर केली, त्यांचा हा हिशोब हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण त्याचं एकत्रित फळ काय निघालं, तेही पाहू. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या दर पंचवीस विद्यार्थ्यांत एक मुस्लिम होता, तर पदव्युत्तरच्या दर पन्नासांत एक. म्हणजे पुढच्या पायरीवर आपला वाटा निम्म्यावर आला.

या गळतीची मोठी कारणं आपण नेहमी बोलतो. मला आज छोट्या गोष्टींबद्दल बोलायचं आहे. मेसचं ताट, खोलीतली कॉट आणि रिकामी संध्याकाळ.

मी २०१५ ते २०१७ पुण्यात एम.टेक. केलं. गेट पास झालेल्यांना तेव्हा एआयसीटीईचे महिन्याला १२,४०० रुपये मिळत. मिळत म्हणजे कधी तीन महिन्यांचे एकदम, कधी वाट पाहून. कॉट बेसिसवर खोली शोधताना नाव सांगितल्यावर ‘आम्ही फक्त फॅमिलीला देतो’ हे वाक्य चार दारांत ऐकलं, पाचव्या दारात कॉट मिळाली. एका खोलीत चौघे, एकच टेबल, त्यामुळे टेबलाच्या पाळ्या ठरलेल्या.

आणि तरीही ती दोन वर्षं मजेची होती, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. रविवारी दुपारी मेसमध्ये ‘फीस्ट’ असे: मसालेभात, एक गोड, आणि त्या दिवशी पोळ्या मोजल्या जात नसत. संध्याकाळी मेस बंद, हा पुण्याचा अलिखित कायदा. मग आम्ही चालत गुडलक चौकात जायचो. बनमस्का आणि चहावर दोन तास बसलं तरी कुणी उठवत नाही, ही विद्यार्थ्याच्या दृष्टीनं शहराची फार मोठी सोय आहे. महिन्यातून एकदा लॉ कॉलेज रोडच्या फिल्म अर्काइव्हमध्ये जुना सिनेमा. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून हवं ते पाठ्यपुस्तक, आधीच्या मालकाच्या पेन्सिलीतल्या टिपांसह. त्या टिपा बऱ्याचदा मूळ मजकुरापेक्षा बऱ्या असत.

मे महिन्यात लॅबमध्ये रात्री अकरापर्यंत थांबणाऱ्यांना सर अभ्यासू म्हणायचे. खरं कारण असं की एसी फक्त तिथंच होता. पण थांबल्यामुळे काम होत गेलं. झोपायला जाताना प्रोग्राम लावून द्यायचा, सकाळी दात घासण्याआधी जाऊन निकाल पाहायचा. आलेख अपेक्षेप्रमाणे वाकलेला दिसला की दिवसभर कुणाचाच राग येत नसे. आज कंपनीत माझा कोड खूप जास्त लोक वापरतात, पण तो आनंद तसा नाही. तिथं घाई असते आणि वेळ मोजणारा दुसराच कुणी असतो.

२०१६चा रमजान जूनमध्ये आला. प्रोजेक्टमुळे मी पुण्यातच होतो. मेसवाल्या मावशींनी स्वतःहून विचारलं, पहाटे काय खातोस? मी सांगितलं, बिस्किटं. दुसऱ्या दिवसापासून रात्रीच्या ताटासोबत एक डबा मिळू लागला: तीन चपात्या, सुकी भाजी, एका कागदात गूळ. महिन्याच्या बिलात त्याचा आकडा नव्हता. खोलीतले तिघेही सुरुवातीला माझ्या अलार्मला शिव्या द्यायचे. दहाव्या रोज्यापासून त्यांच्यातला एक रोज उठून माझ्यासोबत चहा पिऊ लागला, मग परत झोपायचा. एका रविवारी चौघेही मोमिनपुऱ्यात इफ्तारनंतर खायला गेलो. सलोख्यावर मी बरीच भाषणं ऐकली आहेत. त्या चहाबद्दल कुणी भाषण केलं नाही, हे बरंच झालं.

माझ्या मावसबहिणीनं नंतर एम.एस्सी. केलं, मुलींच्या वसतिगृहात राहून. तिला विचारलं, तिथली सगळ्यात आवडती गोष्ट कोणती? मला वाटलं लायब्ररी म्हणेल, नाहीतर मैत्रिणी. ती म्हणाली, रात्री आठ वाजता लायब्ररीतून वसतिगृहापर्यंत एकटी चालत येणं. सात मिनिटांचा रस्ता. त्या सात मिनिटांत तिला कुणी काही विचारत नसे, कुणासाठी काही करायचं नसे. घरात तिच्या वाट्याला असा वेळ कधी आला नव्हता. तिच्या प्रबंधातली सगळ्यात चांगली कल्पना त्याच रस्त्यावर सुचली, असं ती सांगते, आणि माझा त्यावर विश्वास आहे.

या गोष्टींना आपल्याकडे चैन म्हणतात. मला ते पटत नाही. पदवीचा अभ्यास रेटून करता येतो, परीक्षा तारखेला येते आणि संपते. पदव्युत्तरला, त्यातही संशोधनाला, तारखेपेक्षा डोक्यात मोकळी जागा लागते. पोटाची आणि झोपायच्या जागेची काळजी असली की ती जागा आधी भरून जाते. शाहू महाराजांना हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. कोल्हापुरात त्यांनी जातीजातींची वसतिगृहं उभी केली, त्यात १९०६चं मुस्लिम बोर्डिंगही होतं. फी माफ करून भागत नाही, मूल जेवणार कुठं आणि झोपणार कुठं हे आधी बघावं लागतं, असा तो सरळ विचार होता.

२००९मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद फेलोशिप संशोधक विद्यार्थ्यांना नेमकं हेच देत होती: दरमहा ठरलेली रक्कम, म्हणजेच वेळ. डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारनं ती बंद करत असल्याचं लोकसभेत सांगितलं. इतर योजनांमध्ये हे विद्यार्थी येतातच, असं कारण दिलं. ज्या अल्पसंख्याक विद्यार्थ्याला दुसरी कोणतीच फेलोशिप मिळाली नाही, त्याच्यासाठी या कारणाचा काही उपयोग नाही. २०२१-२२च्या सरकारी सर्वेक्षणात उच्च शिक्षणातल्या सुमारे ४.३३ कोटी विद्यार्थ्यांत मुस्लिम २१ लाखांच्या आसपास होते, पाच टक्क्यांहूनही कमी. २०११च्या जनगणनेत लोकसंख्येतला वाटा १४.२ टक्के आहे. अशा वेळी एक चालू योजना बंद करणं चुकीचंच होतं, आणि ती परत मागत राहिलं पाहिजे. राज्यात बार्टी, सारथीच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ या संस्थेला २०२४मध्ये मंजुरी मिळाली. संशोधकांच्या विद्यावेतनाचा विषय तिथंही लावून धरायला हवा.

पण सगळं सरकारवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या, तालुक्यातल्या ट्रस्ट दरवर्षी शिष्यवृत्त्या देतात. मी पाहिलेल्या बहुतेक अर्जांत फीची पावती मागतात आणि चेक कॉलेजच्या नावे काढतात. गैरवापर टाळायला ते ठीक. पण एम.ए. करणाऱ्या मुलीची फी बऱ्याचदा थोडीच असते. तिचं शिक्षण अडतं ते वसतिगृह आणि मेसच्या पैशांवर, आणि अर्जात त्याचा रकानाच नसतो. उलट मुलाखतीत विचारतात, ‘एम.ए. करून काय करणार?’

म्हणून नोकरीला लागलेल्या माझ्या वयाच्या वाचकांना एक सुचवतो. तुम्ही अशा एखाद्या ट्रस्टला पैसे देत असाल, तर यंदा कमिटीला भेटून सांगा की तुमची रक्कम पदव्युत्तरच्या एका विद्यार्थ्याच्या दहा महिन्यांच्या मेससाठी आहे, आणि ती दर महिन्याला थेट मेसवाल्याला द्या. जकातीतून द्यायची की इमदादीतून, ते उलेमांना विचारून घ्या. रविवारच्या संध्याकाळसाठी थोडे वेगळे ठेवा, मेस तेव्हा बंद असते.