पायांना आदल्या रात्रीचा अभ्यास चालत नाही

दोन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात एक मेल आला. ‘वेलनेस’ महिना होता. कंपनी निम्मी फी भरणार, टीशर्ट देणार, शिवाय एक कोच 12 आठवडे ट्रेनिंग देणार. शर्यत 21 किलोमीटरची. आमच्या टीममधल्या 9 जणांनी नावं दिली. त्यातल्या 7 जणांनी शाळा सुटल्यापासून बस पकडण्यापलीकडं काही धावलेलं नव्हतं. त्या सातांतली मी एक.

शर्यतीच्या दिवशी रेषेवर 6 जण उभे राहिले. 5 जणांनी शर्यत पूर्ण केली, मेडल दातात धरून फोटो काढले आणि ते फोटो महिनाभर ऑफिसच्या स्क्रीनवर फिरत होते. आज त्या नऊ जणांपैकी किती जण धावतात? दोन. त्यातली एक मी, आणि मी त्या दिवशी रेषेवर नव्हतेच. माझ्या उजव्या नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला होता.

तर माझं म्हणणं असं आहे, आणि ते मी सौम्यपणे मांडणार नाही: ज्यानं कधी धावलेलं नाही त्याला 12 आठवड्यांत 21 किलोमीटर विकणं याला प्रेरणा म्हणत नाहीत, फसवणूक म्हणतात. आणि ही फसवणूक आपल्याला गोड लागते, कारण आपण सगळे याच पद्धतीनं शिकलोय.

आमचं ट्रेनिंग कसं चालायचं ते सांगते. एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. रोज सकाळी धावून झालं की अ‍ॅपचा स्क्रीनशॉट टाकायचा. किलोमीटरला साडेसहा मिनिटं टाकणाऱ्याला दहा-बारा आगीचे इमोजी. माझी साडेआठ मिनिटं कुणाच्या नजरेतच भरायची नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मी सव्वासातवर आले, तेव्हा मलाही इमोजी मिळाले. त्या दिवशी घशात लोखंडासारखी चव होती आणि दोन तास मीटिंगमध्ये मला काही कळत नव्हतं. मला वाटलं, हीच प्रगती.

सहाव्या आठवड्यात नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. ग्रुपवर उत्तर आलं: सवय होईल, बर्फ लाव. बर्फ लावून धावले. नवव्या आठवड्यात जिना उतरता येईना. डॉक्टरांनी एमआरआय बघून विचारलं, “तीन महिन्यांपूर्वी आठवड्याला किती धावत होतात?”

“शून्य.”

“आणि गेल्या आठवड्यात?”

“34 किलोमीटर.”

त्यांनी पेन खाली ठेवलं.

मी इंजिनिअर आहे. बिघाड झाला की तो का झाला हे कळल्याशिवाय मला झोप लागत नाही. सक्तीच्या विश्रांतीचे दोन महिने मी वाचत बसले. जे कळलं ते इतकं साधं होतं की राग आला.

धावायला लागलं की शरीरातल्या सगळ्या गोष्टी एकाच वेगानं सुधारत नाहीत. हृदय आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांतच सुधारतं. दम कमी लागतो, उत्साह वाढतो. पण हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणारे टेंडन यांना महिने लागतात. भार पडला की हाड आधी जुना भाग काढून टाकतं आणि मग नवा बांधतं. ही दुरुस्ती चालू असताना ते काही काळ उलट नाजूक असतं. म्हणजे दुसऱ्या महिन्यात तुमची छाती सांगते ‘अजून पळ’, आणि नडगी अजून डागडुजीतच अडकलेली असते. नवखा माणूस छातीचं ऐकतो, कारण नडगी आधी गप्प असते. ती बोलते तेव्हा उशीर झालेला असतो.

यावर उपाय जुना आहे आणि फुकट आहे. हळू धावा. किती हळू? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकं. बोलता बोलता वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला. तरीही दम लागत असेल तर मध्ये चाला.

ही आळशी लोकांची पळवाट आहे असं वाटत असेल तर पुढचं वाचा. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड आपल्या धावपटूंना महिनोन्महिने दम राखून लांबच लांब धावायला लावत. 800 मीटर धावणाऱ्यालाही आठवड्याला 160 किलोमीटरच्या आसपास. त्यांचा पीटर स्नेल 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये 800 मीटरचं सुवर्णपदक घेऊन गेला आणि त्याच दुपारी त्यांच्याच मरे हाल्बर्गनं 5000 मीटरचं. पुढं नॉर्वेत काम करणाऱ्या स्टीफन सायलर या संशोधकानं जगातल्या अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या. लांब पल्ल्याचे हे खेळाडू साधारण 80 टक्के सराव सोप्या, आरामाच्या वेगानं करतात असं त्यात दिसलं. जगातले सर्वांत वेगवान लोक पाचातले चार दिवस हळू धावतात. आणि आमच्या ग्रुपमधला डेटाबेस अ‍ॅडमिन सातही दिवस जीव काढून धावत होता.

आणखी एक हिशोब बघा. 1996 मध्ये जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन तरुणानं अजिबात न धावणाऱ्यांसाठी एक कार्यक्रम तयार केला, जो आज जगभर वापरला जातो. त्यात पहिल्या आठवड्यात 60 सेकंद धावायचं आणि 90 सेकंद चालायचं, आलटून पालटून. 9 आठवड्यांनी माणूस 5 किलोमीटरला पोचतो. पाच! आमचा कोच आणखी फक्त 3 आठवडे घेऊन चौपटीहून जास्त अंतर देणार होता.

मग एवढी शिकलेली माणसं याला भुलतात कशी? याचं उत्तर मला कॉलेजात सापडतं. आम्ही सेमिस्टरभर काही केलं नाही आणि शेवटच्या तीन रात्रींत लोकल पब्लिकेशनचं पुस्तक वाचून पास झालो. सबमिशनच्या आदल्या रात्री काचेखाली बल्ब लावून दुसऱ्याची ड्रॉइंगची शीट उतरवली. जीटी मारली म्हणायचो त्याला. पुढं नोकरीत दोन आठवड्यांच्या कामालाच ‘स्प्रिंट’ म्हणतात. शेवटच्या रात्री जागून रिलीज केलं की मॅनेजर सगळ्यांसमोर कौतुक करतो. जो रोज थोडं थोडं करून सहाला घरी गेला, त्याचं नाव कुणी घेत नाही. दहा वर्षं आम्हाला हेच शिकवलं गेलं: शेवटी जोर लावला की होतं. बहुतेक ठिकाणी होतंही. शरीर ही पहिली जागा भेटली जिथं होत नाही. हाडाची जीटी मारता येत नाही.

माझी मामेबहीण बार्शीला पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना 800 मीटर असतं, आणि काही सेकंद इकडचे तिकडे झाले की गुण जातात. गुण गेले की नोकरी जाते, आणि वयाची अट कुणासाठी थांबत नाही. पहाटे पाचला परंडा रोडवर ती आणि तिच्या मैत्रिणी पळतात. आमच्याकडं ‘पळणं’च म्हणतात, ‘धावणं’ पुण्यात आल्यावर सुरू झालं. मी शर्यतीची फी सांगितली तेव्हा ती म्हणाली, “ताई, पळायचे पैसे तू देतीस?”

मी तिला विचारलं, रोज घड्याळ लावून पळता का? तिला माझा प्रश्नच वेडगळ वाटला. “रोज टायमिंग लावलं तर पाय जात्यात की. आठवड्यातनं एकदा लावतो. बाकीचे दिवस नुसतं पळायचं.” जिचं पोट सेकंदावर अवलंबून आहे तिला हे माहीत आहे. आणि ज्यांचं एका सेकंदानं काहीही बिघडणार नाही ते आम्ही, पाय मोडेपर्यंत घड्याळाकडं बघतोय.

वेलनेसच्या पहिल्या सेशनला एक स्लाइड होती. नऊवारीतल्या, अनवाणी पायांनी धावणाऱ्या लता करे. खाली लिहिलं होतं, ‘आता तुमची सबब काय?’ मला तेव्हाही ते खटकलं होतं, पण का ते सांगता आलं नव्हतं. आता सांगते. लता करे साठी ओलांडल्यावर बारामतीच्या शर्यतीत धावल्या, कारण नवऱ्याच्या उपचाराला पैसे नव्हते. ती गोष्ट ऐकून कुणाला प्रश्न पडायचाच असेल तर तो दवाखान्याच्या बिलाबद्दल पडावा. एका म्हातारीच्या नाइलाजाचं पोस्टर करून वातानुकूलित खोलीत बसलेल्यांना लाजवणं, हा त्यांच्या धावण्याचा अपमान आहे. आणि त्यातून नवख्यांना जो धडा मिळतो तो सरळ धोक्याचा आहे: जिद्द असली की तयारी लागत नाही.

हळू धावण्यात एक अडचण मात्र खरी आहे, आणि ती पुरुष कोचना दिसत नाही. आमच्या सोसायटीच्या वळणावर एक चहाची टपरी आहे. तिच्यासमोरून जाताना माझा वेग आपोआप वाढतो. तिथं कुणी काही बोलतंच असं नाही. पण हळू धावणारी बाई बघायला लोकांना वेळ मिळतो. एकदा एक काका म्हणाले, “त्यापेक्षा चालत जा की.” मी कितीतरी दिवस त्या टपरीसाठी वेगात धावले. ग्रुपवरचे इमोजी आणि ही टपरी, दोन्हींचं काम एकच होतं. मला माझ्या श्वासाऐवजी दुसऱ्याच्या नजरेवर धावायला लावणं.

आता आक्षेप. पहिला: ध्येय मोठं नसेल तर माणूस पहाटे उठतच नाही. ठीक आहे, ध्येय मोठं ठेवा. 21 काय, 42 ठेवा. पण त्याला वर्ष द्या, दीड वर्ष द्या. ध्येयाच्या मोठेपणाशी माझं भांडण नाही. तारीख कोण ठरवतं, याच्याशी आहे. ती तुमच्या पायांनी ठरवायची असते. आयोजकाच्या नोंदणीच्या शेवटच्या तारखेनं किंवा एचआरच्या कॅलेंडरनं नाही.

दुसरा: मी 12 आठवड्यांत केलं, मला काही झालं नाही. मला आनंद आहे. पण जे पूर्ण करतात त्यांचेच फोटो निघतात. ज्यांचे बूट माळ्यावर गेले त्यांची यादी कुणी ठेवत नाही. सर्व्हर चालू राहिला एवढ्यावरून कोड बरोबर होता असं आपण ऑफिसात म्हणत नाही. इथं का म्हणतो? आणि तुमचं वय, वजन, शाळेतला खेळ, झोप हे सगळं माझ्यासारखं नाही. तुम्ही वाचलात हा तुमचा अनुभव आहे. तो दुसऱ्याच्या हातात प्लॅन म्हणून देऊ नका.

तिसरा: हळू धावणं कंटाळवाणं आहे. हो, आहे. पहिले काही आठवडे तर फारच. याला माझ्याकडं उत्तर नाही. दात घासणंही कंटाळवाणं आहे.

हाड जुळल्यावर मी पुन्हा सुरुवात केली ती चालण्यापासून. मग एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं. आठवड्यातून तीनच दिवस, पाषाण तलावाच्या बाजूला. ग्रुप सोडला. घड्याळावर वेळ दिसेल, वेग दिसणार नाही अशी सेटिंग केली. दुखलं तर त्या दिवशी घरी. टपरीसमोर वेग वाढला की मुद्दाम मोठ्यानं आकडे मोजायचे. मोजताना दम लागला की पाय आवरायचे. काकांनी नंतर बघणं सोडलं. लोकांनाही कंटाळा येतो.

सात महिन्यांनी मी पहिली शर्यत धावले. 10 किलोमीटर, डिसेंबरची सकाळ, 1 तास 22 मिनिटं. पाणी प्यायच्या प्रत्येक ठिकाणी थांबून, चालत प्यायले. शेवटच्या किलोमीटरला मला गाणं म्हणता आलं असतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना मी सरळ उतरले. टीममधला एक जण म्हणाला, “फक्त दहा?” त्याचं 21 चं मेडल अजून त्याच्या मॉनिटरला लटकलेलं आहे. तो शेवटचा धावला तो त्याच शर्यतीत.

मी शर्यत रविवारी धावले. बुधवारी पुन्हा तलावावर होते. पहिली शर्यत यशस्वी झाली का, हे मी आता एवढ्यावरूनच ठरवते. आठवड्यानं, महिन्यानं तुम्हाला परत जावंसं वाटतं का आणि जाता येतं का? मेडल देणारे हा प्रश्न विचारणार नाहीत. त्यांचा तुमच्याशी संबंध त्या सकाळपुरता असतो. तुम्ही स्वतःला विचारा, तोही नाव नोंदवण्याआधी.

त्या रविवारी संध्याकाळी बार्शीला फोन केला. बहिणीला वेळ सांगितली. ती बराच वेळ हसली. एवढ्या वेळात आमच्या पोरी परंड्याला जाऊन येतील, म्हणाली. मग विचारलं, “पाय दुखत्यात का गं?”

“नाही.”

“मग बरोबर पळलीस.”