गरिबाचा दानाचा हक्क

गरीब म्हणजे पसरलेला हात, अशी आपण सोयीची समजूत करून घेतली आहे. आम्हांला ती मुळीच मान्य नाही.

उत्तर इराकमधील अर्बिल शहरात प्राचीन किल्ल्याच्या पायथ्याशी बाजार आहे. तेथे वृद्ध कुर्द विक्रेते रस्त्याकडेला चणेफुटाणे, सूर्यफुलाच्या बिया विकत बसतात. १९८८ साली हलब्जावर सोडलेला विषारी वायू आणि १९९१ सालचे डोंगरांतील पलायन ह्या पिढीने सोसले आहे. तरीही परका माणूस समोर थांबला, तर चहाचा पेला प्रथम त्याच्यापुढे येतो. ऑगस्ट २०१४ मध्ये काराकोशचे आपले ख्रिस्ती बांधव परागंदा झाले, तेव्हा त्यांना आसरा मिळाला तो ह्याच शहरात.

आणि आपण? देवळाला पंखा दिला, तरी पात्यावर नाव रंगवून घेतो! गरिबाला तांदूळ देतो, पण त्याच्या घरचे पाणी पिताना संकोचतो. मार्कलिखित शुभवर्तमानात येशूने वाखाणली ती विधवेची दोन नाणी; तिचे तर नावही तेथे नाही.

गरिबाने पुढे केलेला पेला नाकारणे ही नम्रता नव्हे, त्याच्या माणूसपणाचा तो अव्हेर आहे. द्यायला आपण शिकलो. आता त्याच्या हातून घ्यायलाही शिकू या.